आतला निकाल

आमचे सर मॅच बघत नसत. बडोद्यात खो-खोचे कोच होते, आणि मॅच सुरू झाली की ग्राउंडकडे पाठ करून बसायचे. घडीचं लोखंडी स्टूल लिंबाच्या बुंध्याशी मांडायचं, तोंड झाडाकडे, पाठ खेळाकडे, डोळे मिटलेले. बाहेरगावच्या संघांना वाटायचं, घरी भांडून आलेले कोणी आजोबा असतील. एखादा नवखा पंच मला येऊन विचारायचा, तुमचे कोच आलेत ने? मी झाडाकडे बोट दाखवायचे. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि पोटापाण्याला काय करायचे, तर चित्रकलेचे मास्तर. आयुष्यभर पोरांना 'नीट बघा, नीट बघा' म्हणून ओरडलेला माणूस. पण खो-खोच्या बाबतीत त्यांचा डोळ्यावर काडीचा विश्वास नव्हता. डोळा लाचखाऊ असतो, म्हणायचे. जो जोरात पळतो त्याच्या मागे जातो, सुंदर सूर मारला की भुलतो, आणि गुणफलक दिसला की मग तर संपलंच, पुढचं सगळं त्या आकड्यांच्या रंगानं बघतो. कान बिचारा गरीब आहे, येतं तेवढं घेतो.

खो-खो तुम्ही शाळेत खेळला असाल तर आठवेल. एका ओळीत आठ मुली उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. नववी पाठलाग करते. तिला मागे वळता येत नाही, ओळीतून पलीकडे घुसता येत नाही. पळणारी सटकून दुसऱ्या बाजूला गेली, की हिनं बसलेल्या मुलीच्या पाठीमागून थाप मारून 'खो' म्हणायचं, तिच्या जागी आपण बसायचं, आणि ती उठून धावणार. खो मिळाल्याशिवाय बसलेलीनं उठायचं नाही. सरांचं म्हणणं असं, की सगळा खेळ त्या खोमध्ये आहे. पावलांचा आवाज आणि खो यांच्यात किती फट राहते, खो पोटातून येतो की घशातून, एका टोकाला दिलेला खो दुसऱ्या टोकापर्यंत कसा खेळत जातो, एवढं ऐकलं की संघ कसा आहे ते कळतं. किती बाद झाले हे कारकुनाचं काम.

मॅच संपली की ते उठायचे, स्टूल मिटायचे, आणि आम्हाला जवळ बोलावून 'आतला निकाल' सांगायचे. फलकावरचा तो बाहेरचा निकाल. आतला निकाल वेगळा असायचा, आणि बहुतेक वेळा उलटाच असायचा. आम्ही जिंकलो की तोंड कडू करून म्हणायचे, "आज आपण हरलो. समोरच्या पोरी उन्हाकडे तोंड करून खेळल्या म्हणून वाचलात." आणि सडकून हरलो की कधी कधी एकदम खुशीत यायचे. मग स्वतःच्या खिशातून सगळ्यांना शेवउसळ. जिंकलेला संघ बिचारा बसची वाट बघत उभा, आणि आम्ही हरलेल्या पोरी नाकातोंडातून पाणी येईपर्यंत तिखट रस्सा ओरपतोय, असं बडोद्यातल्या लोकांनी किती तरी वेळा पाहिलं असेल. एका मुलीच्या वडिलांनी त्यांना भर ग्राउंडवर विचारलं होतं, की सर, पोरीला नोकरीत खेळाडूंच्या कोट्यातून घेताना साहेब हा तुमचा आतला निकाल मागणार आहे का? सर म्हणाले, साहेब काय मागेल ते साहेबाला विचारा, मला खेळाबद्दल विचारा.

मी त्यांच्याशी भांडायचे. शाळेत असताना खेळले ती त्यांच्याकडेच, आणि लग्न होऊन विम्याच्या ऑफिसात चिकटल्यावरही संध्याकाळी लहान मुलींना शिकवायला ग्राउंडवर जात राहिले, त्यामुळे मला तेवढा हक्क होता. एकदा म्हटलं, सर, एखादी मॅच नशिबाची, दोन मॅच नशिबाच्या, पण वर्षानुवर्षं आपण हरतोय आणि तुम्ही म्हणताय संघ चांगला आहे. सगळीच वर्षं कशी नशिबाची? कधीतरी दिसायला नको का? त्यांनी मला उलट विचारलं, की वर्षानुवर्षं खेळतंय कोण? नावच तेवढं तेच. पोरी दरवर्षी नव्या, कोणी बारावीला गेली, कोणाचं लग्न ठरलं, कोणाला सायकल नाही म्हणून बंद झालं. गेल्या वर्षी हरल्या त्या निराळ्या, यंदा हरल्या त्या निराळ्या, आणि तू त्यांच्या हारी एकाच पोत्यात भरून वजन करतेस.  मला काही ते पटलं नाही.

कानाचा त्यांना फार गर्व होता, तेवढा एकच गर्व. उन्हाळ्यात खंडेराव मार्केटात कलिंगड घ्यायला गेले की डोळे मिटून टिचक्या मारत ढिगाभोवती फिरायचे. भाजीवाल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, 'जो, पेला मास्तर आव्या', बघ, ते मास्तर आले. त्यांनी निवडलेलं कलिंगड आतून लालभडक निघालं नाही असं कधी झालं नाही. शेजारपाजारची माणसं पैसे देऊन त्यांना आणायला सांगत. मग एका उन्हाळ्यात काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, कलिंगड चिरलं तर आत पांढरंफटक. मी तिथेच होते. काकू हसल्या, म्हणाल्या, असू दे, भाजी करीन. सर हसले नाहीत. त्यांनी ताट ओढून घेतलं आणि मीठ लावून लावून ते सगळं कलिंगड एकट्यानं संपवलं. मला तेव्हा त्यात फक्त विक्षिप्तपणा दिसला.

तसंच ते स्टूल. लिंबाच्या बुंध्यापासून ते हळूहळू पुढे यायला लागलं होतं. एका हंगामात झाडाच्या सावलीच्या काठावर, पुढच्या हंगामात चुन्याच्या रेघेजवळ, मग अगदी ओळीच्या टोकाच्या खांबाला खेटून, इतकं की पळणाऱ्या मुली त्याला अडखळतील अशी भीती वाटावी. आम्ही आपसात म्हणायचो, सर म्हातारपणी मायाळू झाले, पोरींच्या जवळ बसावंसं वाटतं त्यांना. आणि पोरींवर ओरडणं मात्र वाढलं होतं. खो गिळता कशाला? आवाज आहे की नाही? कॅप्टन हेतल, गुजराती घरातली, पण आमच्या ग्राउंडवर झकास मराठी शिकलेली, ती इतकी ओरडायची की तिचा घसा कायम बसलेला. दप्तरात ज्येष्ठमधाच्या काड्या ठेवायची आणि दर ब्रेकला एक चघळायची. बाकीच्या तिचं बघून तसंच करायला लागल्या. आमचा सगळा संघ त्या वर्षी ज्येष्ठमधाचा वास मारायचा.

त्याच वर्षी ग्राउंडचं निघालं. ग्राउंड आमच्या व्यायामशाळेचं. ती जुनी, कमिटीवर जुन्या सरकारी नोकरीतल्या घराण्यांची माणसं, सभ्य आणि कंटाळलेली. एका माणसानं त्यांच्यापुढे बॉक्स क्रिकेटचं टर्फ टाकायचा प्रस्ताव ठेवला. हिरवी जाळी, मोठे दिवे, तासावर भाडं. व्यायामशाळेचं छप्पर गळत होतं हेही खरं. मी कमिटीपुढे जाऊन रडले, भांडले, बडबडले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, ठीक आहे, यंदा जिल्ह्याचा कप आणा. कप आला तर ग्राउंड मुलींचं राहील, आम्ही कुणाला तोंड दाखवू शकू. नाही आला तर मग तुम्हीही हट्ट सोडा. अध्यक्षांचा आवाज ढोलासारखा होता आणि माणूस शब्दाचा पक्का. मी सरांना येऊन सांगितलं, दोनदा सांगावं लागलं. ते म्हणाले, कप ही पावती आहे, माल नव्हे. मी म्हटलं, सर, या एका वर्षी पावतीच हवी आहे, मालाचं नंतर बघू.

फायनल सावली गावच्या मुलींशी होती. शेतातल्या कामानं काटक झालेल्या पोरी, वाऱ्यासारख्या पळायच्या. आणि आमच्या पोरी त्या दिवशी कशा खेळल्या ते मी काय सांगू. मी खांबापाशी उभी होते, उघड्या डोळ्यांनी बघत होते. खो असे पडत होते की एकीचा हात दुसरीच्या पाठीला लागायच्या आत ती उठलेली दिसायची, आणि तरी नियम मोडलेला नसायचा. हेतल एकदा सुद्धा विनाकारण धावली नाही. पळणारी हूल देऊन वळली की खो, परत वळली की खो, त्या ओळीत जणू एकच मुलगी बसली होती. थोडक्यात जिंकलो, पण जिंकलो. मी आयुष्यात एवढी किंचाळले नव्हते. माझ्या दोन हातांच्या अंतरावर सर खांबाला खेटून, पाठ करून, डोळे मिटून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर एक रेष हलली नाही.

उठले, स्टूल मिटलं आणि काही न बोलता घरी गेले. मला वाटलं, भरून आलं असेल.

रविवारी व्यायामशाळेच्या हॉलमध्ये पेढे वाटले. टेबलावर कप, मुली नवीन ड्रेस घालून पुढच्या रांगेत, हेतलचे आईवडील दुकान बंद करून आलेले. अध्यक्षांनी छान भाषण केलं, ग्राउंड मुलींचंच राहील असं ते उघडच बोलून टाकणार होते, कागद समोर होता. पण त्याआधी त्यांना गंमत सुचली. सरांची ती सवय सगळ्या बडोद्याला ठाऊक. ते हसून म्हणाले, "सर, बाहेरचा निकाल टेबलावर आहे. आता आतला निकाल काय तो सांगा."

सगळे हसले. मी सरांकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, एकदा, फक्त एकदा खोटं बोला.

सर उभे राहिले. "आपण हरलो," म्हणाले. "पावलं ऐकू येत होती, खो नव्हते. पोरी एकेकट्या पळत होत्या. संघ नव्हता तो."

 हेतल जागेवरून उठली. तिचा आवाज आधीच बसलेला, त्यातून ती म्हणाली, "सर, मी खो दिला होता. प्रत्येक वेळी दिला होता."

मागच्यांना ऐकू जावं म्हणून अध्यक्षांनी ते मोठ्यानं परत सांगितलं. सर तिच्याकडे न बघता म्हणाले, "मला नाही आला."

 पेढे तसेच राहिले. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, पण कमिटीतले बाकीचे त्याचीच वाट बघत होते. ज्यांचा कोचच म्हणतो की हा संघ नाही, हा योगायोग आहे, त्यांच्यासाठी भाड्यावर पाणी कशाला सोडायचं, असं त्यांनी पुढच्या बैठकीत म्हटलं, आणि अध्यक्ष एकटे पडले. पावसाळ्यापूर्वी चुन्याच्या रेघांवर हिरवं प्लास्टिक पडलं. दोन्ही खांब उपटून भिंतीला टेकवून ठेवले होते, पुढे ते कुठे गेले माहीत नाही. मुली काही दिवस शाळेच्या पटांगणात खेळल्या, मग एकेक गळाली. हेतल एका मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसते. मला बघून हसते, पण खो-खोचा विषय काढत नाही. एकदाच म्हणाली, "ताई, पती गयुं ए तो, संपलं ते," आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

मी सरांवर इतकी चिडले की त्यांच्याकडे जाणं सोडलं. तत्त्व, तत्त्व म्हणजे किती? नाकापेक्षा मोती जड. दिवाळीलाही गेले नाही. सणाला सुद्धा नमस्कार करावासा वाटला नाही असा तो एकच माणूस माझ्या आयुष्यात. दोन-तीन वर्षं अशी गेली.

गेल्या हिवाळ्यात काकूंचा फोन आला. ते लोक आता मांजलपूरला राहतात, मुलानं तिथं फ्लॅट घेऊन दिलाय. म्हणाल्या, वेळ काढून येऊन जा गं, तुझी आठवण काढतात. आवाजात काहीतरी होतं, म्हणून ऑफिस सुटल्यावर स्कूटर तिकडे वळवली. बेल दाबली, आतून काही हालचाल नाही. परत दाबली. दाराच्या जाळीतून मला सर दिसत होते, सोफ्यावर बसलेले, दहा पावलांवर. ते हलले नाहीत. काकू मागून भाजीची पिशवी घेऊन जिना चढत आल्या आणि म्हणाल्या, त्यांना बेल नाही गं ऐकू येत.

स्वयंपाकघरात चहा ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं. मुलगा आला होता, तो जबरदस्तीनं कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही, खूप वर्षांचं आहे. जाड आवाज येतात, बारीक आवाज आधी जातात. पुरुष बोलला तर पुष्कळसं कळतं, बायकामुलांचं नाही. म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. काकू म्हणाल्या, मला वाटायचं, हे माझं बोलणं मुद्दाम कानाआड करतात. कुकर शेजारी शिट्ट्या मारतोय आणि हे पेपर वाचतायत, किती वेळा डाळ करपली, मी किती बोलले त्यांना. कानाचं मशीन आणलंय, पण ते कपाटात आहे. लावत नाहीत. म्हणतात, सगळे आवाज पत्र्याचे होतात.

 पांढरं कलिंगड आठवलं. दर हंगामाला पुढे सरकणारं स्टूल आठवलं. मायाळू झाले म्हणत होतो आम्ही. अध्यक्षांचा ढोलासारखा आवाज त्यांना लख्ख ऐकू आला होता. पोरींची पावलं जमिनीतून कळत होती. आणि त्या बारीक आवाजाच्या पोरी घसा फोडून त्यांना खो देत होत्या.

बाहेर जाऊन त्यांच्या समोर बसले. फार वाळले होते. मी नमस्कार केला, तब्येत विचारली, आणि माझ्या लक्षात आलं की ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघतायत. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाच्या तोंडाकडे असं बघितलं नव्हतं. डोळ्याला लाचखाऊ म्हणणारा माणूस आता ओठ बघून बोलणं समजून घेत होता. मला बघवेना. इकडचं तिकडचं झाल्यावर ते एकदम पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, काकूंना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण तो बेत त्यांना आता जमत नव्हता, चांगले मोठ्यानं म्हणाले,

"सावलीच्या मॅचला तू खांबापाशी होतीस ने? खरं सांग. खो पडत होते का?"

म्हणजे त्यांना शंका आली होती. कपाटातलं मशीन आणि ती मॅच त्यांनी एकत्र जोडून बघितली होती, कोण जाणे किती दिवस. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी 'हो' म्हटलं असतं तर ग्राउंड कोणी घालवलं, हेतलचा पडलेला चेहरा कशामुळे, सगळं त्या एका शब्दात त्यांच्या अंगावर पडलं असतं. त्यात राहिलेलं आयुष्य काढावं लागलं असतं त्यांना.

"नाही सर," मी म्हटलं. ओठ नीट हलवून, सावकाश. "नव्हते पडत. आपण हरलोच होतो."

वाटलं, तेवढ्यावर सुटेन. पण कोच तो कोच. कुठे कमी पडलं, त्यांनी विचारलं. मग मला रचावं लागलं. मधल्या मुली उशिरा उठत होत्या, म्हटलं. हेतल खो न देता एकटीच पळत होती. ज्या मुलीनं ज्येष्ठमध चघळत चघळत खो दिले, तिच्याबद्दल मी हे सांगत होते, आणि एकेक शब्द ते डोळ्यांनी टिपून घेत होते. काकू चहाचे कप घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

सर मागे टेकले. चेहऱ्यावर थोडा रंग आला. "तरी म्हटलं," ते म्हणाले. "मग ग्राउंड गेलं ते बरोबरच गेलं." आणि चहाबरोबर लीलो चेवडा, तो बडोद्याचा ओलसर चिवडा, आणायला सांगितला, मला आग्रह करकरून खायला लावला.

निघताना त्यांनी डोक्यावर हात ठेवला. खाली येऊन मी स्कूटरची किल्ली शोधत होते, सापडेना, डोळ्यांत पाणी. वर बघितलं तर सर गॅलरीत येऊन बसले होते, तेच लोखंडी स्टूल, रस्त्याकडे पाठ, तोंड भिंतीकडे. संध्याकाळची वेळ, सोसायटीत ऑफिसातून परतणारी माणसं, दुचाक्यांचे हॉर्न. मला काय झालं कोण जाणे. मी गेटपाशी उभी राहिले, श्वास घेतला आणि पोटातून, त्यांनी शिकवला होता तस्सा, खणखणीत खो दिला.

वॉचमन दचकून उठला. स्कूटरवरची दोन माणसं थांबून बघायला लागली. पहिल्या मजल्यावरची बाई खिडकीत आली. सर तसेच पाठ करून बसून राहिले.